कागद वाजला पाहिजे

श्रावण लागला की आमच्या घरातली इस्त्री कपड्यांना मिळत नाही, ती कागदाला लागते. ३०० जीएसएमचं कार्डशीट टेबलावर पसरायचं, वर जुन्या सुती साडीचा एकपदरी तुकडा टाकायचा आणि अगदी कोमट इस्त्री हात न थांबवता फिरवायची. एका बाजूनं आठ-दहा सेकंद, मग उलटून तेवढीच. झालं की शीट एका कोपऱ्याला धरून कानाजवळ हलवून बघायचं. कोरडा कागद खळखळ वाजतो. दमट कागद मुका असतो, नुसता लवतो. तो वाजेपर्यंत मी कागद कापायचं मशीन चालू करत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही, डोंबिवलीच्या पावसानं शिकवलं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. कागद तर हवेतलं पाणी पिणारीच वस्तू. त्याचे तंतू फुगतात, मऊ पडतात. कटिंग मशीन कात्रीसारखं दोन पात्यांत धरून कापत नाही. त्याचं एकच बारीक टोक कागदातून ओढलं जातं. कोरडा तंतू त्या टोकापुढे तुटतो, ओला तंतू तुटायच्या आधी ताणला जातो. सरळ रेघेत हे कळत नाही. पण कमळाच्या पाकळीचं टोक आलं आणि ब्लेड जागच्या जागी वळलं, की तिथे कागद कापसासारखा पिंजून उठतो. अशी एक पाकळी बिघडली तर अख्खी कमान बाजूला ठेवावी लागते, कारण मखरासमोर बसलेल्या माणसाचा डोळा नेमका तिथेच जातो.

२०२० पासून मी घरी सणांचं कागदी सामान करते. गणपतीची मखरं, गौरीची पावलं, कंदील, फराळाचे डबे, संक्रांतीची तिळगुळाची पाकिटं, पाडव्याच्या वीतभर गुढ्या. त्याआधी २२ वर्षं मी डीटीपी केलं, एका लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये. ‘श्री गणेश प्रसन्न’पासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं माझ्या बोटांखालून गेलेलं. लॉकडाउन आला, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा पडली आणि पत्रिका मोबाइलवर गेल्या. मालकांनी जूनमध्ये प्रेस बंद केली. माझा हिशेब त्यांनी पैसा न ठेवता चुकता केला, आणि त्याच पैशांतून मी हे मशीन मागवलं. ह्यांनी विचारलं, “याच्यावर भागेल का?” मी म्हटलं, “ते आत्ता सांगता येणार नाही. पण कोरलड्रॉवरचा हात मोडू द्यायचा नाही मला.” त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी खिडकीजवळची शिलाई मशीन आतल्या खोलीत नेऊन त्यांनी मला जागा करून दिली.

हे मशीन दिसायला प्रिंटरसारखंच. १२ इंच रुंदीचा कागद घेतं आणि शाईच्या जागी ब्लेड असतं. कागद एका चिकट मॅटवर दाबून बसवायचा. रोलर ती मॅट पुढे-मागे नेतात, ब्लेड डावी-उजवीकडे सरकतं आणि या दोन सरळ हालचाली एकत्र येऊन गोलाई काढतात. ब्लेडचं टोक बरोबर मध्यावर नसतं, केसभर बाजूला असतं. त्यामुळे ते ज्या दिशेनं ओढलं जाईल त्या दिशेला आपण होऊन फिरतं, ऑफिसच्या खुर्चीचं चाक फिरतं तसं. पातळ कागदाला ४५ अंशांचं ब्लेड, जाड पुठ्ठ्याला ६० अंशांचं. नवी मॅट फार चिकट असते, पतंगी कागद तिच्यावर लावला तर काढताना फाटणारच. म्हणून मी नवी मॅट आधी पाच-सहा वेळा सुती पदरावर दाबून काढते, चिकटपणा बेतात येतो. आणि कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढायचा नाही. मॅट पालथी घालून कागदापासून मॅट सोलायची. कागद ओढला तर तो गुंडाळी घेतो आणि मग वर पाटे-वरवंटे ठेवले तरी सपाट होत नाही.

मशीनबरोबर तयार नक्षीही आली होती. कोरलेले भोपळे, नाताळची झाडं, ईस्टरची अंडी, बर्फाच्या चांदण्या, बदामच बदाम. सगळे ऋतू अमेरिकेचे. पणती नव्हती, कंदील नव्हता, गुढी नव्हती, मोदकही नव्हता. ते पाहून मला वाईट वाटलं नाही. आपल्याला इथे काम आहे एवढं मात्र दिसलं.

आणि ते काम लगेच चालूनही आलं. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली आणि घरोघरचं थर्माकोलचं मखर गेलं. मग २०२० च्या गणपतीत सरकारनं मूर्तींना उंची ठरवून दिली, सार्वजनिक मंडळांना चार फूट आणि घरच्या गणपतीला दोन फूट. त्या वर्षी लालबागचा राजाही बसला नाही, मंडळानं आरोग्योत्सव केला. बाजार बंद, माणसं घरात आणि गणपती लहान. दोन फुटांच्या आतल्या मूर्तीला शोभेल, दुकानात न जाता मिळेल आणि विसर्जनानंतर घडी करून ठेवता येईल असं मखर लोकांना हवं होतं. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतून मिळून अकरा मखरांची मागणी आली. प्रत्येकावर वरच्या कमानीत ‘गणपती बाप्पा मोरया’ हवं.

तिथे मी चुकले, आणि चुकले ते नेमकं ज्यात २२ वर्षं घालवली त्यात.

प्रेसमध्ये आम्ही जे जुने मराठी फॉन्ट वापरायचो, त्यांत अक्षरं तुकड्यांनी बनतात. अर्धा ‘प’ टाइप करायचा, त्याला काना जोडायचा, की पूर्ण ‘प’ होतो. वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी. पडद्यावर ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पण सगळं काळंच असल्यानं छापताना काही दिसत नाही. काळ्यावर काळं, शाईला काय त्याचं? ब्लेडचं तसं नसतं. ब्लेड प्रत्येक तुकड्याची कडा स्वतंत्र कापतं. मी सवयीनं अक्षरं टाकली, कर्व्हमध्ये बदलली आणि फाइल मशीनला दिली. मॅट बाहेर आली तेव्हा अक्षरांच्या आतून रेघा गेलेल्या. उचलायला गेले तर काने वेगळे, मात्रा वेगळ्या, वेलांट्या वेगळ्या. टेबलावर मराठी भाषेचे सुटे भाग पडले होते. सात कमानी तशाच कापून झाल्या होत्या, कारण पहिली नीट न बघता मी मॅटवर मॅट लावत गेले होते. चतुर्थीला नऊ दिवस होते आणि कमानींचा सोनेरी कागद डोंबिवलीत दुसरीकडे मिळत नव्हता.

उपाय एका कमांडचा आहे. सगळे तुकडे निवडून वेल्ड करायचे, म्हणजे ते वितळून एकच आकार होतो. आता मी आधी युनिकोडमध्येच अक्षर टाकते, जोडाक्षरं नीट बसली का पाहते, मग वेल्ड करते आणि शेवटी पडद्यावर आतला रंग काढून नुसत्या कडा बघते. कडांमध्ये एकही आडवी रेघ दिसता कामा नये. बाद झालेल्या त्या सात कमानींतली एक मी जपून ठेवली आहे, माझ्या मुलीला शिकवायला.

पण त्या चुकीमुळे मी देवनागरीकडे पहिल्यांदा वस्तू म्हणून पाहिलं. इतकी वर्षं ती माझ्यासाठी छापायची गोष्ट होती, आता ती टांगायची गोष्ट झाली. इंग्रजी नाव कागदात कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं पडतं, त्याला खाली पट्टी द्यावी लागते. मराठी शब्द शिरोरेषेला धरून एकसंध राहतो. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला लटकलेली असतात. ‘ग’, ‘ण’ आणि ‘श’ या तीन अक्षरांचं तर अंग एकीकडे आणि काना दुसरीकडे, दोघांना धरणारी शिरोरेषाच. ‘गणपती’ या चार अक्षरांत अशी दोन आली. म्हणून कापायच्या अक्षराची शिरोरेषा मी तीन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवत नाही, मग ती छापील अक्षरापेक्षा जाडसर दिसली तरी चालेल.

आणि मग ‘शुभ दीपावली’ येते. ‘दीपावली’ला काही अडचण नाही, अख्खा शब्द एका रेषेत धरलेला. अडतं ते ‘शुभ’मध्ये. शाळेत बाईंनी शिकवलं होतं की ‘भ’ची आणि ‘ध’ची शिरोरेषा पूर्ण काढायची नाही, सुरुवातीला तुटक ठेवायची, नाहीतर ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’. कागदात तीच तुटकी जागा शब्द मोडते. ‘शु’ एकीकडे, ‘भ’ दुसरीकडे. काहीजण तिथे सरळ शिरोरेषा ओढून मोकळे होतात. मग कमानीवर ‘शुम दीपावली’ लागते आणि चार दिवस येणारे-जाणारे ती वाचतात. हे मला सहन होत नाही. मी ‘शु’चा उकार थोडा लांबवते आणि त्याचं शेपूट ‘भ’च्या पोटाला खालून टेकवते. वाचताना ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण शब्द उचलला की एकत्र उचलला जातो. ‘आनंद’मधल्या अनुस्वाराला अशीच दोन मिलिमीटरची दांडी द्यावी लागते, नाहीतर टिंब मॅटवरच राहतं आणि ‘आनद’ घरी जातो.

जाळीत उलटं होतं. तिथे अक्षर काढून टाकायचं असतं आणि भोवतीचा कागद ठेवायचा असतो. मग ‘व’च्या पोटातला गोल, ‘प’च्या पोटातला चौकोन निराधार होऊन पडतात. त्यांना धरायला बारीक पूल सोडावे लागतात. पूल कुठे सोडायचा हे प्रत्येक अक्षराचं वेगळं असतं. मी तो शक्यतो जिथे बोरूचा हात उचलला गेला असता तिथे सोडते. तिथे तो डोळ्याला टोचत नाही.

कागदाचं काम आमच्या घरात माझ्या आधीही होतं. माझे बाबा लालबागला चाळीत राहायचे, गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी गणपतीनंतर बाबांनी आणि खालच्या मजल्यावरच्या दोघा काकांनी बांबू आणला आणि चाळीच्या गॅलरीत कंदील करायला बसले. सणाचा म्हणून दरवर्षी एक कंदील ते करायचेच, त्या वर्षी विकायला केले. बांबू तासून कामट्या काढायच्या, त्या पाण्यात भिजवायच्या. चांदणीला लांब दहा कामट्या लागतात आणि आखूड पाच. पाच-पाचांच्या दोन सपाट चांदण्या बांधायच्या, त्यांची टोकं एकमेकांना दोऱ्यानं जखडायची आणि मग मधल्या पाच जोडांवर आखूड कामट्या उभ्या ठोसून दोन चांदण्या एकमेकींपासून दूर ढकलायच्या. तेवढ्यानं सपाट वस्तूला पोट येतं. मी ते दर वेळी डोळे विस्फारून बघायचे.

षटकोनी कंदिलासाठी बाबांकडे कंपास नव्हता. खिळ्याला दोरा, दोऱ्याला पेन्सिल, एक वर्तुळ. मग तोच दोरा वर्तुळाच्या कडेवर सहा वेळा ठेवत जायचं. सहाव्या वेळी बरोबर सुरुवातीच्या खुणेवर परत यायचं. सातवीत गेल्यावर गणिताच्या बाईंनी तेच फळ्यावर करून दाखवलं तेव्हा मला ते आधीच माहीत होतं.

खळ आई शिजवायची, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, झुरळं आणि कीड लागू नये म्हणून. त्या पातेल्याला आम्हा मुलांना हात लावायची बंदी होती. पतंगी कागद चिकटवला की तो आधी सैल, सुरकुतलेला दिसायचा. बाबा ओंजळीत पाणी घ्यायचे आणि बोटांच्या टोकांनी त्यावर तुषार उडवायचे. कागद आणखीच लोंबायचा. पण तासाभरात वाळला की असा ताणून बसायचा की एक सुरकुती दिसायची नाही. मग ते नखानं टिचकी मारायचे. टण्ण वाजला की तो कंदील विकायचा. नाही वाजला तो घरात.

बाबा पाणी शिंपडायचे, मी इस्त्री फिरवते. पतंगी कागद कामटीवर ताणायचा असतो, त्याला आधी भिजवून मग वाळवावं लागतं. कार्डशीट ब्लेडखाली तुटायचं असतं, त्याला आधीच वाळवावं लागतं. दोघांच्या कामात पाणीच मुख्य, आणि पारख कानाची. संपाच्या त्या दिवाळीत बाबांनी किती कंदील विकले हे मला आठवत नाही. आम्हा दोघी बहिणींना त्या वर्षी नवे फ्रॉक मिळाले होते, हे आठवतं. गिरणी परत सुरू झाली तेव्हा बाबांना कामावर घेतलं नाही.

माझा स्वतःचा कंदील मी २०२१ मध्ये बसवला. तीन महिने लागले. अट एकच ठेवली होती, गोंदानं जोडायचा नाही. खाचांत अडकवायचा आणि सोडवून सपाट करता आला पाहिजे. वर-खाली षटकोनी कड्या, प्रत्येकीला सहा खाचा. मध्ये सहा जाळीच्या पट्ट्या, प्रत्येकीला वर-खाली जिभा. जीभ खाचेतून आत घालून तिचं टोक वळवलं की पट्टी सुटत नाही. मागे पतंगी कागद, तोही फक्त वरच्या-खालच्या कडेला खळीचं बोट लावून.

कागद मी मस्जिद बंदरहून आणते, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूच्या दुकानांतून. तिथे कार्ड २३ × ३६ इंचांच्या आकारात येतं. दुकानदार त्याचे माझ्यासाठी सहा तुकडे करून देतो, प्रत्येकी साडेअकरा बाय बारा, मॅटवर बरोबर बसणारे. त्या सहा तुकड्यांतच अख्खा कंदील बसला पाहिजे असं मी ठरवलं. पट्टी पाच इंच रुंद धरली तर एका तुकड्यावर दोन येतात. म्हणजे सहा पट्ट्यांना तीन तुकडे, दोन कड्यांना दोन, आणि सहाव्या तुकड्याच्या झिरमिळ्या. एका शीटचा एक कंदील. हे गणित ज्या रात्री जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. मुलीला उठवून दाखवलं, ती म्हणाली, “आई, साडेबारा वाजलेत,” पण उठून बसली आणि वहीतला आकडा तिनं पुन्हा करून पाहिला.

खरी परीक्षा खाचेची होती. ३०० जीएसएमचा कागद मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी जाड असतो. नुसती रेघ कापली तर जीभ आत जाताना चुरगळते. अर्ध्या मिलिमीटरची खाच ठेवली तर ती भाद्रपदात घट्ट बसते आणि कार्तिकात सैल होते, कारण तोपर्यंत हवा कोरडी झालेली असते. मी ऑगस्टमध्ये बसवलेला नमुना नोव्हेंबरमध्ये खुळखुळायला लागला. शेवटी खाच तशीच ठेवून जिभेला बाणासारखे खांदे दिले. आत जाताना ते दबतात, आत गेल्यावर उघडतात. त्यानंतर हवा कशीही असो, जोड हलला नाही. जाळीचेही नियम असेच ठरत गेले. कोणतीही पट्टी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नाही. आतले कोपरे टोकदार नाहीत, थोडे गोल. कापायचा क्रम आधी आतलं, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी, नाहीतर सुटलेला कागद मॅटवर सरकतो आणि पुढची नक्षी तिरकी जाते.

“पण ताई, मशीनच कापतं ना सगळं? मग एवढे पैसे कशाचे?” हा प्रश्न मला दर सणाला येतो. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी मोबाइलवर मशीन चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिलेला असतो. म्हणून मी वही ठेवली आहे, त्यांनाच दाखवायला. एका कंदिलाचं कापणं पन्नास मिनिटं. कागद वाळवणं पंधरा. जाळीतले कण सुईनं काढणं चाळीस, आणि ते माझ्या चष्म्याचं काम आहे. पतंगी लावणं, जोडणं, झिरमिळ्या कातरून लावणं आणखी तासभर. आणि मूळ आकार बसवायला गेलेले तीन महिने मी अजून कुणाकडून घेतलेले नाहीत. बांबूच्या कंदिलाला किंमत करताना लोक कामट्या तासणारे हात बघतात. माझे हात पडद्याच्या मागे असतात म्हणून ते नाहीत असं होत नाही. मी भाव कमी करत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना मी सुट्या पट्ट्या देते, जोडणं त्यांनी घरी मुलांना घेऊन करावं. अशा पट्ट्या आता जोडलेल्या कंदिलांपेक्षा जास्त जातात, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

बाकीचे सण लवकर आटपतात. गौरीची पावलं कापायला अर्धा तास, पण डावं-उजवं मोजून द्यावं लागतं. संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांचे पुठ्ठ्याचे साचे करते. हार, मुकुट, बाजूबंद. हलवा चिकटवतात दुसऱ्या एक ताई, त्यांच्या हाताला सर नाही. डिसेंबरमध्ये वसईहून एका मैत्रिणीकडून नाताळच्या तारकांची मागणी येते. ती तारका म्हणजे बाबांची चांदणीच, फक्त दहा कामट्यांऐवजी पुठ्ठ्याच्या दहा पाकळ्या. नवरात्रीत रोज एक रंग, त्याची तोरणं. त्यात मला फारसा जीव नाही, पण त्या पैशांतून वर्षाची ब्लेडं येतात.

दिव्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. बाबांच्या कंदिलात साठचा पिवळा बल्ब असायचा. तो इतका तापायचा की वरचं तोंड मोठं उघडं ठेवावं लागे आणि कागदापासून तो वीतभर लांब टांगावा लागे. एलईडी फार तापत नाही, म्हणून आज कागदी कंदील लहान करता येतो. पण पांढरा एलईडी लावू नका. भगवा, तांबडा, पिवळा पतंगी कागद पांढऱ्या उजेडात फिका पडतो. खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर दिवा घ्या. आणि होल्डरची वायर वरच्या कडीला नाही, गॅलरीच्या हुकाला बांधा. कागदानं फक्त स्वतःचं वजन उचलावं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी कंदिलांचा ढीग पडतो. प्लास्टिकचे, कापडाचे, कागदाचे, काही अगदी नवे. माझ्याकडून कंदील घेतला असेल, किंवा कुणाकडूनही खाचांचा कागदी कंदील घेतला असेल, तर तुळशीच्या लग्नानंतर तो उतरवा. कोरड्या दुपारी उतरवा, पहाटेच्या दवात नाही. जिभा दाबून सोडवा, सहा पट्ट्या एकावर एक ठेवा, दोन कड्या वर-खाली ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर सपाट ठेवून द्या. पतंगी फाटला असेल तर तेवढाच काढून नवा लावा, वाटीभर खळ पुरते. आमच्या गॅलरीतला कंदील २०२१ मधला पहिलाच आहे. त्याचा पतंगी आतापर्यंत तीनदा बदलला. जाळी तीच आहे.